गुरुवारचा पायपंप

मित्रांनो, चुकून कुणाला पाय लागला की तुम्ही वाकून नमस्कार करता. माझं मात्र सगळं आयुष्य पाय लागून घेण्यातच गेलं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी एक जुना पायपंप आहे. सायकलीत हवा भरणारा नव्हे हं! माझं काम उलटं. माणसाच्या घशात रक्त, लाळ, ओकारी अडकून श्वास कोंडला की ते सगळं ओढून बाहेर काढायचं. पायानं दांडी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. रबरी नळी घशात सोडलेली असते, आणि जे अडलेलं असेल ते माझ्या काचेच्या बरणीत येऊन पडतं. वीज नको, बटण नको. एक धडधाकट पाय मिळाला की झालं.

मी राहतो परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव राहू द्या. नाव घेऊन मला कुणाची अब्रू काढायची नाही, आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःची तरी कुठं शिल्लक आहे?

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, कानशीनं घासलं, वरून हिरवा रंग दिला. मग लाकडी खोक्यात भुशात निजवून मला आधी रेल्वेनं परभणीला आणलं आणि तिथून एसटीच्या टपावर चढवलं. दवाखान्यात उतरवलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी स्वतः खोकं फोडलं होतं. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला, दांडीला कुंकू लागलं. मी तेव्हा फार ऐटीत होतो.

आणि ती ऐट मी फुकट मिरवली नाही. या दवाखान्यात दर गुरुवारी ऑपरेशनं व्हायची. सकाळी यायचं, दुपारपर्यंत ऑपरेशन, संध्याकाळी घरी. खाटा मोजक्याच, आणि आमच्या माणसांना चार दिवस खाटेवर पडून परवडत नाही. घरी म्हशीची धार कोण काढणार, कापूस कोण वेचणार? म्हणून एका दिवसात मोकळं करणारा हा गुरुवार आजूबाजूच्या वीस गावांना देवासारखा वाटे. हर्निया, अंगावरच्या गाठी, लहान लेकरांची दुखणी, सगळं गुरुवारी. ऑपरेशनच्या टेबलाखाली माझी जागा ठरलेली होती. एकदा जन्मलेलं बाळ रडेना, निळं पडलं, तेव्हा माझ्याच नळीनं त्याचा घसा मोकळा केला. ते रडलं तसं मोठ्या डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाले, हा आहे तोवर मला वीज गेल्याची भीती नाही. ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

मला सांभाळायची ती पंचफुला मावशी. ऑपरेशनच्या खोलीतली आया. नोकरीला लागली तेव्हा विशीतली होती. आता निवृत्तीला वर्ष उरलंय आणि दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलाय. दर बुधवारी ती माझ्यातून स्वच्छ पाणी ओढायची, स्प्रिंगला तेल द्यायची आणि मला 'म्हातारा' म्हणायची. जिभेची फार तिखट बाई! संध्याकाळी घरी निघालेल्या पेशंटला फाटकात अडवून दम द्यायची की बायांनो, टाके पिकतात म्हणून पाणी पिणं तोडू नका, पाण्यानं टाके पिकत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावर भारा घेतलात तर माझ्याकडं रडत येऊ नका. निम्मे ऐकायचे. निम्मे जीपच्या टपावर बसून खड्ड्यांत आदळत घरी जायचे आणि आठ दिवसांनी पू झालेली जखम घेऊन परत यायचे. ती पुन्हा बोलायची, पुन्हा पट्टी करायची.

मग विजेवर चालणारं यंत्र आलं. चकचकीत, पांढरं, 'घुंऽऽ' करणारं. माझी जागा त्याला मिळाली. मला त्याचा राग नाही. ते काम चांगलंच करतं. पण एके दिवशी एक कारकून रंगाचा डबा घेऊन आला, माझ्या पायावर एक आकडा टाकला आणि मला डेडस्टॉकच्या, म्हणजे वापरातून काढलेल्या सामानाच्या, वहीत चढवलं. जिवंतपणीच मेलेल्यांच्या यादीत नाव गेलं माझं. ऑपरेशनच्या खोलीला लागून फडकी आणि पोछे ठेवायची एक खोली आहे. तिथं बादल्यांच्या मागं मी जाऊन पडलो.

लोखंडाला तेल चालतं, रबराला नाही. बरणीच्या तोंडाशी माझी नळी हळूहळू तडकली. पंचफुलानं ते पाहिलं आणि नवी नळी मागणारा अर्ज सिस्टरकडून लिहून घेतला. उत्तर आलं की सदर यंत्र डेडस्टॉकमध्ये असल्यानं त्याचे सुटे भाग देता येत नाहीत. तिनं पुन्हा अर्ज केला. या वेळी उत्तरही आलं नाही. तरी ती बुधवारी माझी दांडी एकदा दाबून बघायचीच. फुस्स असा आवाज यायचा आणि ती कपाळाला हात लावायची.

आता त्या गुरुवारचं सांगतो. चैत्राचं ऊन होतं. व्हरांड्यातल्या बाकावर सकाळी सातपासून माणसं बसलेली. माझ्या खोलीच्या दाराला कडी नाही, त्यामुळं अर्ध्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

पहिला नंबर राजनंदिनीचा. सात वर्षांची पोर, दोन वेण्या, जांघेत हर्नियाची लहानशी गाठ. सोबत तिची आई मनिषा. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, म्हणून ती एकटीच आली होती. दुसरा नंबर बन्सीधरचा. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. साठीला टेकलेला गडी, दुखणं तेच. त्याचा हा तिसरा गुरुवार होता. पहिल्या गुरुवारी भुलीचे डॉक्टरच आले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी यानं सकाळी चहा घेतला होता, म्हणून परत पाठवलं; भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, नाहीतर पोटातलं वर येऊन छातीत उतरतं. चहा काय जेवण हाय का, असं म्हणून तो भांडला होता. या वेळी मात्र थुंकीसुद्धा जपून गिळतो असं सांगत होता.

पोर भेदरलेली होती. बन्सीधर तिला हसवत होता. तो म्हणाला, "तुझी आवळ्याएवढी, माझी नारळाएवढी. तू आपली धाकटी भागीदार."

ती हसली. मग मात्र भुकेनं रडायला लागली. मनिषानं सांगितलेलं सगळं पाळलं होतं. रात्री आठनंतर पोरीला पाण्याचा घोटही दिला नव्हता. नऊला होणारं ऑपरेशन दहाला होईल म्हणाले, मग अकराला, मग बाराला. भुलीचे डॉक्टर एकटे आणि त्या दिवशी त्यांना तीन दवाखाने. सर्जन डॉक्टर अर्पिता परभणीहून वेळेवर येऊन बसल्या होत्या, पण भुलीवाचून त्या तरी काय करणार? त्या येरझाऱ्या घालत होत्या. पोर आईच्या पदराला लोंबकळून भाकर मागत होती. मनिषाचा चेहरा बघवत नव्हता.

शेवटी ती पोरीला घेऊन रस्त्यापलीकडच्या पिराला गेली; तिथलं मला मागाहून कळलं. गुरुवार पिराचा वार. आमच्याकडं पिराला सगळेच जातात, कुणाचा नवस कुठं असावा याला काही नियम नाही. पोरीचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून तिनं मलिदा बोलला होता. पोळी कुस्करून गूळ-तुपात मळलेला मलिदा तिनं पहाटेच करून डब्यात आणला होता. पिरापुढं ठेवला, तिथल्या मुजावरानं फातिहाची दुआ म्हटली आणि मूठभर मलिदा पोरीच्या ओंजळीत घातला. पोरीनं तो खाल्ला. आईनं आपल्या वाटणीचाही तिलाच दिला. प्रसादाला नाही म्हणू नये, हे तिनं जन्मापासून ऐकलं होतं.

परत येऊन तिनं बाकावर सगळ्यांना चिमूटचिमूट वाटला. बन्सीधरनं आपला रुमालात बांधला आणि ऑपरेशन झाल्यावर खातो म्हणाला. पोरीनं खाल्लाय हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक वाजता भुलीचे डॉक्टर धावत आले. धम्मशीला सिस्टरनं नियमाप्रमाणं मनिषाला विचारलं की पोरीनं काही खाल्लं-प्यायलं का. ती म्हणाली, "न्हाई मॅडम. रातच्यापासून पोटात अन्नाचा कण न्हाई."

मित्रांनो, ती खोटं बोलली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर. तिच्या लेखी अन्न वेगळं आणि प्रसाद वेगळा. तिला जे विचारलं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं. जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलंच नाही.

पोरीला आत नेलं. दार लागलं. तोंडावर भुलीचा मास्क बसला असेल-नसेल, तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले आणि त्याच घटकेला आतून भुलीच्या डॉक्टरांचा आवाज आला, "सक्शन! पोरगी ओकतीय, सक्शन द्या!" ते पांढरं यंत्र गप्प होतं. दवाखान्यात जनरेटर आहे, पण त्याची बॅटरी उतरलेली. चालू करायचा तर गाडीची बॅटरी काढून जोडायला हवी होती. ड्रायव्हर तिकडं पळाला. आत मोबाइलच्या उजेडात पोरीला कुशीवर वळवून डॉक्टर बोटानं तोंडातलं काढत होते, पण बोट घशात जाऊन जाऊन किती जाणार?

माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. पंचफुलानं बादल्या लाथेनं उडवल्या, मला कवेत उचललं आणि त्या गेलेल्या गुडघ्यांनी पळत आत नेलं. कित्येक वर्षांनी मी पुन्हा त्या टेबलापाशी उभा राहिलो. पोरीच्या बोटाला लावलेली चिमटी आकडा दाखवत होती; रक्तात प्राणवायू किती ते त्यावर कळतं. पंचाण्णववर असायला हवा तो आकडा ऐंशीवर आला, मग बहात्तरवर. ओठ निळे पडले होते. धम्मशीलानं माझी नळी डॉक्टरांच्या हातात दिली, पंचफुलानं दांडी दाबली, आणि मी केलं काय? फुस्स. सगळा जोर त्या तडकलेल्या जागेतून वाया गेला. मित्रांनो, त्या क्षणाची लाज मी कुठं लपवू? माझ्यापुढं एक लेकरू गुदमरत होतं आणि मी नुसता सुस्कारे टाकत होतो.

पंचफुला खाली बसली. तिनं दोन्ही हातांच्या तळव्यांनी ती तडक घट्ट आवळून धरली. तडक बुजली, पण आता दांडी कोण दाबणार? डॉक्टर अर्पिता पोरीचं डोकं धरून होत्या, धम्मशीला प्राणवायूची पिशवी दाबत होती. पंचफुलानं दाराकडं तोंड करून हाक मारली, "बन्सीभाऊ, आत या! पाय द्या ह्याच्यावर!"

ऑपरेशनचा हिरवा झगा घातलेला बन्सीधर अनवाणी आत आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यानं पायपंपावर काढली होती. आणि मित्रांनो, तेवढ्या घाईतही तो आधी वाकला, मला हात लावून कपाळी लावला आणि मग पाय ठेवला. रोज सकाळी दुकानातल्या पंपाला तो तसंच करत असणार. मग जो पाय चालला म्हणता! जोरात, एका लयीत, न थांबता. माझ्या अंगात जुनी ताकद आली. नळी खुळखुळली आणि घशातलं बरणीत येऊन पडायला लागलं. आधी पाणी, मग फेस, मग कुस्करलेल्या पोळीचे गुळानं माखलेले तुकडे. धम्मशीलानं बरणीवर उजेड धरला आणि ती जागीच थिजली. मलिदा होता तो.

दहा-बारा मिनिटं तो पाय थांबला नाही. मध्ये एकदा त्याचा श्वास अडखळला, त्यानं डावा हात जांघेत दाबून धरला, पण पाय चालूच ठेवला. आकडा चढायला लागला. अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी, एक्क्याण्णव. मग बाहेर जनरेटर धडधडला आणि दिवे आले. पोर जिवंत होती. पण थोडं छातीत उतरलंच होतं. श्वासाची नळी घालून तिला रुग्णवाहिकेतून परभणीला नेलं. मनिषा गाडीमागं धावत होती आणि एकच सांगत होती, "म्या काई खाऊ घातलं न्हाई हो. परसाद व्हता त्यो, परसाद!"

इकडं बन्सीधर भिंतीला टेकून बसला होता, घामानं निथळत. त्याची गाठ फुगून दगडासारखी झाली होती. डॉक्टर अर्पितांनी त्याला आडवं करून ती हळूहळू आत बसवली. त्या दिवशी पुढची ऑपरेशनं होणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, पुढच्या गुरुवारी पहिला नंबर तुमचा."

पण पुढचा गुरुवार आलाच नाही.

चौकशी झाली. साहेब आले, फोटो काढले, मलाही उलटंसुलटं करून पाहिलं. धम्मशीलाचा जबाब झाला, पंचफुलाचा झाला. जनरेटरची बॅटरी, भुलीचा दुसरा डॉक्टर, सक्शनची दुसरी सोय हे सगळं होईपर्यंत इथं भुलीची ऑपरेशनं करू नयेत, असा कागद आला. कागदात चूक काहीच नव्हती. फक्त ते सगळं कधी होणार, एवढं त्यात लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीला कुलूप लागलं. बॅटरी आली नाही, डॉक्टर आला नाही, नळीही आली नाही. मला पुन्हा बादल्यांच्या मागं ठेवलं.

बन्सीधरला परभणीच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. तिथं रांग मोठी. त्याला दोन महिन्यांनंतरची तारीख पडली. ती चिठ्ठी त्यानं दुकानात खिळ्याला अडकवली. तारखेला बारा दिवस उरले असताना त्याची गाठ बाहेर येऊन अडकली. आतडं पिळलं गेलं. त्यानं दोन दिवस कळ काढली. लेकानं चला म्हटलं तर म्हणाला की तारीख जवळच आलीय, तिच्या आधी गेलो तर पुन्हा परत पाठवतील. तीनदा परत गेलेला माणूस, मित्रांनो! मधेच उठून गेलं तर आपला नंबर जातो, एवढंच तो शिकला होता.

तिसऱ्या दिवशी लेकानं त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडं आणलं. वार गुरुवार होता. त्याच बाकावर तो आडवा पडला, समोर कुलूप. धम्मशीलानं सलाईन लावलं, गाडी बोलावली. पंचफुला त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होती. तो तिला हळूच म्हणाला, "मावशी, म्हाताऱ्याची नळी बदलली का न्हाई?"

तिनं त्याच्या कपाळावर पुन्हा पदर फिरवला. मी फटीतून बघत होतो. माझ्या अंगात एवढं लोखंड आहे, पण त्या वेळी मी पार मेणाचा झालो होतो. त्या दिवशी त्याच्या पायानं जे बळ मला दिलं ते त्याच्याच पोटातून गेलं होतं का, हे मला कुणी सांगेल का? गाडी त्याला घेऊन परभणीला गेली. आतडं काळं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

गेल्या आठवड्यात मनिषा आली. राजनंदिनी सोबत होती. बारीक झालेली, जरा चाललं की धापा टाकणारी, पण चालती-बोलती. नऊ दिवस ती मशीनवर होती. मनिषाच्या हातात डबा होता. पोर वाचली म्हणून तिनं पुन्हा मलिदा केला होता. ती पंचफुलाला विचारत होती, "ते पंक्चरवाले बाबा कुठं बसत्यात? त्यांनी तवा रुमालात बांधून घेतला व्हता, खायचा ऱ्हायला आसंल."

पंचफुलानं त्यानं पंपावर पाय दिल्यापासून तो गेला तिथपर्यंत सगळं सांगितलं. मनिषानं डबा तसाच बाकावर टेकवला. मग पोर डबा घेऊन माझ्या खोलीत आली आणि तिनं विचारलं, ह्योच का त्यो पंप? पंचफुलानं मान हलवली. पोरीनं डब्यातला एक घास उचलला आणि माझ्या दांडीवर, बन्सीधरचा पाय पडायचा बरोबर त्या जागी ठेवला. मला तोंड नाही. मुंग्यांनी नेला तो, दोन दिवसांत.

आता माझं म्हणणं ऐका. ऑपरेशनला जाल तेव्हा प्रसादसुद्धा सांगा. देव काही रागावत नाही. आणि सिस्टर झालात, डॉक्टर झालात, तर पुढच्याला नीट विचारा. धम्मशीलानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'पाणी नाही, चहा नाही, प्रसादही नाही', पण ती पाटी कुलपावर टांगलेली आहे आणि वाचायला खाली कुणी बसत नाही.

दवाखान्याच्या किल्ल्या उद्या तुमच्यापैकीच कुणाच्या तरी कमरेला येतील. पंचफुला जाईल, मला बादल्यांमागून ओढून काढायला इथं कुणी उरणार नाही. तेव्हा, मित्रांनो, लाजू नका, अपमान होईल असं समजू नका. बुधवारी एकदा आत या, बादल्या बाजूला करा, आणि माझ्यावर पाय देऊन बघा. फुस्स झालं, तर कुणीतरी उद्या बाकावर बसणार आहे, हे ध्यानात ठेवा.